न उमटणारे हायलायटर

सोमवार, १७ जून २०२४

डायरीवर छापलंय २०२३ आणि वार शनिवार. मागच्या वर्षीच्या ज्या खपल्या नाहीत त्यातली ही एक. वार खोडून लिहितेय. रद्दीत घालण्यापेक्षा वैताग तरी लिहून ठेवावा.

आज शाळा उघडली. मुलुंडला शाळेच्या गेटसमोर स्टेशनरीचं दुकान आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं, बाईची चांदी. सकाळी साडेसातलाच झेरॉक्स मशीनने कागद खाल्ला. बाहेर तीस पालक. प्रत्येकाच्या हातात शाळेची यादी आणि प्रत्येकाला पहिलं व्हायचंय. एका बाईने तपकिरी कव्हर मागितलं, गुंडाळी उलगडून दाखवली तर म्हणते, "ह्याहून फिकट नाही का?" तपकिरीत फिकट काय असतं!

त्यात अकराच्या सुमारास राजेश उगवला. माझा धाकटा दीर. घाटकोपरला त्याचं मोबाईल कव्हरचं दुकान होतं, ते मार्चमध्ये अचानक बंद केलं. भाडं परवडेना म्हणाला. आता एक खोकं घेऊन आलाय. इंपोर्टेड हायलायटर.

"वहिनी, हे काउंटरवर मांडू नकोस. खाली ठेव. कोणी आंबा मागितला की पिवळा द्यायचा, कलिंगड मागितलं की गुलाबी."

"रंगाला रंग म्हणायला काय होतं यांना?"

"फॅशन आहे ती. सुगंधी आहेत."

एकाची किंमत ऐकून मी म्हटलं, "एवढ्यात पंधरा वह्या येतात." तो हसला. मला विचाराल तर हा माणूस कुठल्याच धंद्यात टिकणार नाही. पण सख्खा दीर. काय करणार.

गुरुवार, २० जून

इंपोर्टेड म्हणे! बोर्डाच्या पुस्तकांच्या यादीवर खूण करायला एक पिवळा उघडला. ओढला, पुन्हा ओढला. कागद फाटायला आला पण रंग उमटेना. टोकाला नुसतं भोक. दुसरा घेतला, तोही तसाच. अख्खा माल सुकलेला गळ्यात मारलाय आणि याला पत्ताच नाही.

राजेशला फोन केला. "डिफेक्टिव पीस असतील, बाजूला ठेव. आणि तू उघडतेस कशाला?"

घरी मधुकरला सांगितलं. माझा नवरा. अंधेरीला एमआयडीसीत डिस्पॅचला आहे. आम्ही एकाच कंपनीत होतो, त्यामुळे लग्नाला बावीस वर्षं झाली तरी अरे-तुरेच. एरवी दुकानातलं काही सांगायला गेलं की तो पेपर वर धरतो. आज पेपर खाली घेतला.

"राजेशच्या खोक्यात हात घालू नकोस. त्याचं तो बघेल."

भावाची बाजू घेण्यापुरतं बरं ऐकू येतं याला.

शुक्रवार, २८ जून

शाळेच्या गेटपासून शंभर यार्डांपर्यंत तंबाखूबंदीची पिवळी रेघ मारायचा कार्यक्रम होता. रेघ नेमकी माझ्या पायरीवरून गेली. मी म्हटलं, "अहो, पायरी सोडून मारा की." तर म्हणे, मोजमाप आहे. माझ्या एका चपलेला पिवळा रंग. आणि रेघेला लागूनच, गेटपासून वीस पावलांवर, पानटपरी खुशाल चालू. टपरीवाल्याने रंगवायला आलेल्यांना चहा पाजला.

ते न उमटणारे हायलायटर मात्र खपतायत. कोणी परत करायलाही येत नाही. आजकाल पोरांना लिहायचंच नसतं, नुसतं कंपासमध्ये मिरवायचं असतं.

शनिवार, ६ जुलै

दुपारी दुकान बंद केल्यावर लिहितेय. डोकं ठणकतंय.

जान्हवी सोनवणे आली होती. नववीतली. दोन वेण्या, नेहमी घाईत, पण "काकू, जेवलात का?" विचारणारी शाळेतली ही एकच पोर. आई प्रियंका अंधेरीला मेट्रोच्या तिकीट खिडकीवर, सकाळी सहाला जाते. पोरगी सगळं स्वतःचं स्वतः करते. तिने आंबा मागितला. मी म्हटलं, "अगं, याने लिहिता येत नाही. साधा घे, तुला चांगला दाखवते."

ती खोकत खोकत हसली. "काकू, याने लिहायचं नसतंच."

दिला. बाहेर तिची मैत्रीण थांबली होती. थोड्या वेळाने मी मागच्या दाराने कचरा टाकायला गेले. सोसायटीच्या पाण्याच्या मीटरपाशी दोघी अर्धवट पाठमोऱ्या. जान्हवीने पिवळ्या पेनाचं टोक तोंडात धरलं होतं. तोंडातून पांढरा लोट निघाला. आमच्याकडे या वेळेला कांजूरच्या कचरा डंपिंगचा वास येतो, आज आंब्याचा आला.

मी डबा तिथेच ठेवला आणि आत आले. शटर अर्धं खाली ओढलं.

मला काय करायचंय? पोरं काय काय करत असतात. राजेशला विचारेन. चार्टपेपर संपत आलेत, ते मागवायचेत.

मंगळवार, ९ जुलै

गर्दीच गर्दी. विज्ञानाचा प्रोजेक्ट सगळ्या तुकड्यांना एकाच दिवशी देतात. शिक्षकांना काही अक्कल? थर्माकोल संपलं. जान्हवीला चार्टपेपर, डिंक, एक पिवळा. झेरॉक्सवाल्याला तिसरा फोन केला, उद्या येतो म्हणाला. त्याचा उद्या मला माहितीये.

गुरुवार, ११ जुलै

राजेशला विचारलं. आधी म्हणाला, "काय बघितलंस तू?" सांगितलं.

"वाफ आहे ती, वहिनी. आंब्याची वाफ. सर्दीला आपण घेतो की नाही, तसंच."

"मग औषधाच्या दुकानात ठेव. माझ्याकडे कशाला?"

"दोन आठवडे. मग उचलतो सगळं."

वाफ म्हणजे वाफ. मी काही डॉक्टर नाही. दोन आठवडे तर दोन आठवडे.

सोमवार, १५ जुलै

शाळेत अँब्युलन्स आली. मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलीला श्वास घेता येईना. गेटवर ही गर्दी, आणि माझ्या पायरीवर चढून चढून बघणारे. खाली उतरा म्हटलं तर माझ्यावरच डाफरतात. कोण मुलगी ते कळलं नाही. सकाळी काही न खाता येतात, दुसरं काय होणार?

खरं म्हणजे कळलं. स्ट्रेचरवरून वेणी खाली लोंबत होती.

मंगळवार, १६ जुलै

अक्षर वाईट येतंय.

सकाळी दहाला पोलीस. दोन शिपाई आणि सब-इन्स्पेक्टर सपना मॅडम. वय तिशीचं, बोलणं असं की जणू मीच तिचा वेळ फुकट घालवतेय. शिपायाने वाकून सरळ काउंटरखालचं खोकं ओढलं. कुठे आहे ते त्यांना आधीच माहीत होतं. जान्हवीच्या दप्तरात दोन सापडले होते, आणि मैत्रिणीने सांगितलं होतं.

"मॅडम, हायलायटर आहेत ते," मी म्हटलं.

तिने माझीच पावतीवही पुढे सरकवली. एक पिवळा उघडून माझ्या हातात दिला.

"लिहून दाखवा."

बाहेर पालक, पोरं, पानटपरीवाला.

"लिहा ना. काहीही लिहा. स्वतःचं नाव लिहा."

मी खरोखरच टोक कागदावर टेकवलं. का टेकवलं देव जाणे. कोणीतरी हसलं.

पंचनामा तीन तास चालला. एक जुलैपासून कायद्यांचे नंबर बदललेत, तर कुठलं कलम नवं नि कुठलं जुनं यातच त्यांचा अर्धा वेळ. अटक केली नाही, नोटीस दिली. सोमवारी ठाण्यात जबाबाला हजर राहायचं. मधुकरला फोन केला. त्याने पहिलं काय विचारलं असेल? "खोकं नेलं का?" अरे, बायको कशी आहे ते तरी विचार.

गुरुवार, १८ जुलै

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भीमराज कांबळे वकील राहतात. मधुकर आणि मी त्यांच्याकडे गेलो. राजेश आला नाही, त्याचं डोकं दुखत होतं.

मी म्हटलं, "परवाना काढला नव्हता हे चुकलंच आमचं."

भीमराज म्हणाले, "ताई, या मालाला परवानाच नाही. २०१९ पासून हे ई-सिगरेट प्रकरण देशातच बंद आहे. लहानांना विका, मोठ्यांना विका, नुसतं साठवा, गुन्हाच."

"सिगरेट? राजेश तर वाफ म्हणाला."

"वाफच. निकोटिनची."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. विक्रीला पहिल्या वेळेस एक वर्षापर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणीचं वेगळं, सहा महिन्यांपर्यंत. घेणारी चौदा वर्षांची आहे म्हणून पोलीस मुलांच्या कायद्यातलं कलमही लावणार, ते सात वर्षांपर्यंतचं. सात हा आकडा ऐकल्यावर पुढचं काही वेळ मला ऐकूच आलं नाही.

"आणि तो टपरीवाला पोरांना खऱ्या सिगरेटी विकतो, त्याला?"

"बहुतेक वेळा दोनशे रुपये दंड भरून सुटतो."

मला इतका संताप आला की पाणीच मागितलं.

जिना उतरताना मधुकर थांबला. "कुंदा, हे बघ. जबाबात राजेशचं नाव घेऊ नकोस. कोणी अनोळखी सेल्समन खोकं ठेवून गेला म्हण. दुकान तुझ्या नावावर आहे, तुझा पहिलाच गुन्हा, बाईमाणूस, दंडावर भागेल. त्याच्यावर घाटकोपरची आधीची केस आहे. दुसऱ्या वेळेला तीन वर्षं आणि पाच लाख. पोरीचं शिक्षण आहे त्याच्या."

"आणि मला कधी कळलं असं सांगू?"

"पोलीस आले तेव्हाच कळलं. खरंच आहे ना ते?"

राजेशवर आधीची केस आहे हे मला आज कळलं. या घरात मला सगळं शेवटीच कळतं.

शनिवार, २० जुलै

मधुकर नको म्हणत असताना हॉस्पिटलात गेले. मोसंबी घेतली. वाटेत वाटलं, मोसंबी काय घेऊन चाललीय मी! रिक्षातच ठेवून उतरले.

वॉर्डाबाहेर बाकावर प्रियंका. मेट्रोचा युनिफॉर्म अजून अंगावर. जान्हवीला लहानपणी दमा होता, तो उलटला. आता धोका नाही म्हणतात. मला वाटलं, ही मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हाला एक सांगायचंय. पोलिसांना तिने तुमचं नाव सांगितलंच नाही. मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा ही रडायला लागली. म्हणे, आई, काकूंना काही करू देऊ नकोस. त्यांना ते हायलायटरच वाटतात. त्या मला साधा घे म्हणत होत्या."

मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"म्हणून मी तुमच्यावर ओरडत नाहीये. तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

समोरून स्ट्रेचर आलं, आम्ही पाय आखडून घेतले. मी म्हटलं, "येते मी." उत्तर दिलंच नाही. घरी आल्यावर सहा तारखेचं पान वाचलं. मग नऊचं.

सोमवार, २२ जुलै

ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. मनात आलं, दुकानातून आणून देते, मग आठवलं, दुकानाला सील आहे.

सपना मॅडम टाइप करत होत्या. "खोकं कोणी आणलं?"

"राजेश घाडी. माझा दीर."

बाहेर मधुकर उभा होता. काचेतून त्याची पाठ दिसत होती.

"त्यात काय आहे हे तुम्हाला कधी कळलं? छाप्याच्या दिवशी?"

"सहा जुलैला."

तिची बोटं थांबली. "नीट आठवून सांगा."

"सहा जुलै, शनिवार. मुलीच्या तोंडातून धूर निघताना पाहिला. काय आहे ते नाव माहीत नव्हतं, पण ते मुलांच्या हातात द्यायचं नाही एवढं कळलं. त्यानंतर नऊ तारखेला मी तिलाच आणखी एक दिला."

"का दिला?"

"गर्दी होती."

हे बोलले आणि मलाच ऐकवेना. गर्दी होती! चौदा वर्षांच्या पोरीला विष दिलं, का तर रांग मोठी होती.

"घरात आणखी कोणाला माहीत होतं?"

"नाही. नवऱ्याला दुकानातलं काही कळत नाही."

संध्याकाळी भीमराज भेटले. म्हणाले, "ताई, पोलिसांपुढची कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. काळजी नको."

"मग लिहून कशाला घेतात? मी काय शुद्धलेखनाला गेले होते?"

एवढं धाडस करून सांगितलं, तर म्हणे ते धरायचंच नाही. पुन्हा कोर्टात सांगावं लागणार.

बुधवार, २४ जुलै

सकाळी पोळ्या करत होते. मनात एकच गोष्ट फिरत होती. तवा उतरवला आणि विचारलं, "मधुकर, राजेशची घाटकोपरची केस कधीची?"

"मार्चची."

"तुला कधी कळलं?"

तो डबा भरत होता. झाकण लागेना. "मार्चमध्येच. जामिनाला मीच गेलो होतो."

"म्हणजे जूनमध्ये माझ्या दुकानात खोकं आलं, तेव्हा तुला माहीत होतं आत काय आहे."

"मी तुला म्हटलं होतं, हात लावू नकोस."

"हात लावू नकोस म्हटलंस. विकू नकोस नाही म्हटलंस."

"अगं, त्याच्याकडे पुन्हा सापडलं असतं तर तीन वर्षं गेला असता. तुझ्या नावावर काहीच नव्हतं. पहिल्या वेळेला दंडावर..."

तिथे थांबला. पण तेवढं पुरे होतं. दोघा भावांनी कायदा वाचला होता. माझ्यापेक्षा नीट वाचला होता. कोणाला किती शिक्षा होईल याचा हिशेब करून, सगळ्यात स्वस्तात सुटेल असं माणूस त्यांनी निवडलं होतं.

इतकी वर्षं मी म्हणत आले, याला दुकानातलं काही कळत नाही.

"तू स्वतः चल ठाण्यात," मी म्हटलं. "नाहीतर मी जाते."

त्याने डबा पिशवीत घातला आणि अंधेरीला गेला. रोजच्यासारखा. दार ओढून घेतलं, तेही रोजच्यासारखं.

मी अर्धा तास वाट पाहिली. मग साडी बदलली. रिक्षावाल्याने सुट्ट्यावरून वाद घातला, ठाण्याच्या दारात शिपायाने वही पुढे केली, नाव, पत्ता, कामाचं स्वरूप. सपना मॅडम डोकं वर न करता म्हणाल्या, "आता काय राहिलं, घाडीबाई?"

"एक नाव," मी म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

सात महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं? तारीख, पुढची तारीख. मधुकर दिवाळीआधीच राजेशकडे राहायला गेला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "गो, घरातला घरात ठेवचा होता." मी म्हटलं, ठेवलं होतं की, काउंटरखाली.

आज कोर्ट. भीमराजांनी त्या सात वर्षांच्या कलमावर युक्तिवाद केला होता. त्यात तंबाखूचे पदार्थ म्हटलंय, निकोटिनच्या वाफेचं नाव नाही. जज्जसाहेबांनी ते मान्य केलं, कलम वगळलं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं, एका शब्दावर सुटतो आपण.

राजेश आणि मधुकर लढणार आहेत, त्यांचा वकील वेगळा. साहेबांनी मला विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल आहे."

"कोणी दबाव टाकला?"

"नाही. उलट."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. दंड तिथेच भरला. कैद म्हणजे काय, तर मागच्या बाकावर बसायचं. कोर्टाचं काम संपेपर्यंत बाहेर जायचं नाही. शिपाई म्हणाला, "पंख्याखाली बसा, बाई." दुपारभर लोकांची भांडणं ऐकली. चेक बाऊन्स, भाडं, एका कुत्र्याचं प्रकरण. दोन वेळा डुलकी लागली. सव्वापाचला साहेब उठले. भीमराज म्हणाले, "झालं ताई. मोकळ्या झालात."

गेटबाहेर प्रियंका. राजेश-मधुकरच्या खटल्यात साक्षीचं समन्स होतं तिला, साक्ष झालीच नाही, पुढची तारीख.

"किती झाली?" तिने विचारलं.

"दंड. आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची."

"बसायची?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझी पोर तीन रात्री बसूनच होती. आडवं केलं की श्वास लागायचा. मी पाठीला पाठ लावून बसायचे."

मी म्हटलं, "हॉस्पिटलात तुम्ही विचारलं होतं, मला माहीत होतं का. मी काही न बोलता निघून गेले."

"जबाब वाचलाय मी."

"शाळेत जाते का ती?"

"जाते. पंप बरोबर ठेवते."

रिक्षा मिळेना. एक थांबायची, जवळचं भाडं म्हणून निघून जायची. आम्ही दोघी एकाच खांबाजवळ उभ्या. तिलाही मुलुंड पूर्वेलाच जायचं होतं, मलाही. गल्लीही शेजारचीच. शेवटी एक थांबली. प्रियंका चढली, पर्स मांडीवर घेतली, रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं.

तिने मला "या" म्हटलं नाही. बरोबर केलं. मी चालत निघाले.